मेंढीवाला मंत्री: रोमानियाच्या पेत्रे दायाची गोष्ट, जरा सविस्तर

रोमानियाचं राजकारण आपल्याकडे कोण फॉलो करतंय, त्यामुळे पेत्रे दाया हे नाव ऐकलं नसेल तर काही बिघडत नाही. पण तिथल्या कुणासमोर हे नाव काढलं की पुढचा शब्द ठरलेला असतो, मेंढी. हा माणूस २०१७ ते २०१९ कृषिमंत्री होता, मग २०२२-२३ ला परत आला, आणि मेंढीबद्दल तो ज्या प्रेमाने, ज्या लांबलचक अलंकारिक वाक्यांत बोलायचा त्याचे इतके व्हिडिओ आणि मीम्स फिरले की लोकांना तो मंत्री कमी आणि कॉमेडी शोमधला कलाकार जास्त वाटायला लागला. मला मात्र उलट वाटतं. या माणसाला हसण्यावारी नेलं ना, तिथेच त्याचं फावलं. कारण त्याच्या काळात जे झालं, म्हणजे टोमॅटोचं अनुदान, डुकरांचा ताप, जहाजातून जाणाऱ्या जिवंत मेंढ्या, युक्रेनचं धान्य, यातली एकेक गोष्ट गंभीर होती, आणि दरवेळी चर्चा व्हायची ती त्याने काय शब्द वापरले याची.

आधी जमिनीचं सांगतो, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. रोमानियात कम्युनिस्ट सरकारने १९४९ पासून १९६२ पर्यंत शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन सामूहिक शेतीत घातल्या, बऱ्याच ठिकाणी जबरदस्तीने. १९८९ ला हुकूमशहा चाउशेस्कू गेला आणि १९९१ च्या कायद्याने जमिनी जुन्या मालकांना किंवा त्यांच्या वारसांना परत द्यायला सुरुवात झाली. आता चाळीस वर्षांत वारस किती झाले असतील याचा हिशोब करा. दोन पिढ्यांच्या वाटण्या एका झटक्यात झाल्या, जमिनीचे तुकडे तुकडे पडले. २०१६ च्या आकड्यांनुसार रोमानियात ३४ लाखांच्या वर शेतं होती, म्हणजे अख्ख्या युरोपियन युनियनमधल्या शेतांपैकी जवळपास एक तृतीयांश एकट्या या देशात, आणि त्यातली बहुतेक इतकी लहान की घरचं भागलं तरी खूप. दुसऱ्या टोकाला हजारो हेक्टरवाले बडे लोक, गहू-मका-सूर्यफूल पिकवून कॉन्स्टान्त्सा बंदरातून एक्स्पोर्ट करणारे. मधला शेतकरी फार थोडा. म्हणजे कृषिमंत्र्याला एकाच वेळी दोन वेगळ्या देशांचं मंत्रिपद सांभाळावं लागतं असं समजा, आणि मतं अर्थातच पहिल्या देशात, खेड्यातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडे.

ही मतं वर्षानुवर्षं ज्या पक्षाची मानली जातात तो पीएसडी, म्हणजे सोशल डेमोक्रॅट. दाया याच पक्षाचा. जन्म १९४९ चा, म्हणजे सामूहिक शेती सुरू झाली त्याच वर्षीचा, नैऋत्येला डॅन्यूबच्या काठावरच्या मेहेदिंत्स जिल्ह्यातला. शिक्षणाने कृषितज्ज्ञ, जुन्या राजवटीत घडलेला, मग पक्षातून खासदारकी, आणि २००४ मध्ये पंतप्रधान नस्तासेच्या सरकारात शेवटी शेवटी थोडे दिवस कृषिमंत्री. तेव्हा फार कुणाच्या लक्षात राहावं असं काही घडलं नाही.

खरी इनिंग सुरू झाली जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी. तो काळ रोमानियात भयंकर गरम होता. नव्या सरकारने महिना व्हायच्या आत रात्री उशिरा एक वटहुकूम काढला, ज्यामुळे पदाच्या गैरवापराचे काही गुन्हे गुन्हेच राहणार नव्हते, आणि लाखो लोक कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर उतरले, कम्युनिझम पडल्यानंतरची सगळ्यात मोठी निदर्शनं होती ती. वटहुकूम मागे घ्यावा लागला. पक्षाचा अध्यक्ष लिविउ द्राग्निया स्वतः शिक्षा झालेला असल्यामुळे पंतप्रधान होऊ शकत नव्हता, म्हणून तो आपली माणसं त्या खुर्चीत बसवायचा आणि पटेनासं झालं की उठवायचा. पहिला ग्रिंदेआनू, त्याला तर स्वतःच्याच पक्षाने अविश्वास ठराव आणून पाडलं, मग तुदोसे, मग व्हिओरिका दंचिला. साधारण वर्षभरात तीन पंतप्रधान. दाया तिन्ही सरकारांत कृषिमंत्री. बाकीचे मंत्री पत्त्यांसारखे पिसले जात होते आणि हे आजोबा आपले मेंढ्यांवर बोलत बसले होते. ज्याला आपण विदूषक समजतोय त्याला राजकारण कळत नव्हतं असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आणि मेंढी हा तिथे विनोदाचा विषय नाहीच मुळी. देशात साधारण एक कोटी मेंढ्या आहेत, युरोपियन युनियनमध्ये एवढा मोठा कळप असलेले देश हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे. त्यांच्या सगळ्यात लाडक्या लोकगीतात एक मेंढी आपल्या मालकाशी बोलते, शाळेत प्रत्येक पोराला ते शिकवतात. २०१५ मध्ये शिकारीच्या कायद्यात बदल करून सरकारने हिवाळ्यात मेंढ्या चारण्यावर बंदी आणि कळपामागे किती कुत्रे ठेवायचे यावर मर्यादा घातली, सपाटीवर एक, टेकड्यांत दोन, डोंगरात तीन. डिसेंबरमध्ये मेंढपाळ राजधानी बुखारेस्टमध्ये येऊन धडकले, मेंढीच्या कातड्याचे मोठे कोट घालून, आणि थेट संसदेच्या आवारात घुसले, अश्रुधूर सोडायची वेळ आली. त्यामुळे वर्षभराने मंत्री झालेला माणूस जेव्हा टीव्हीवर मेंढीचं कौतुक करायला लागतो तेव्हा शहरातला पोरगा हसतो, आणि डोंगरातला मेंढपाळ म्हणतो, चला, कुणीतरी आपलं नाव घेतंय. दोघांनाही एकाच वाक्यात खूश करणं सोपं नाही.

नुसतं कौतुक नाही, पैसेही दिले. लोकरीला भाव इतका पडला होता की कातरणीचा खर्च निघेना, लोक लोकर फेकून द्यायचे नाहीतर जाळायचे. दायाने लोकर विकली तर किलोमागे एक लेउ अनुदान सुरू केलं. लेउ म्हणजे तिथलं चलन, तेव्हा साधारण पंधरा-सोळा रुपये. मेंढपाळाचं यात भलं किती झालं हा प्रश्नच आहे, पण योजना आहे म्हणून सांगता आलं.

टोमॅटोचं प्रकरण त्याहून मोठं, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण अनुदान कसं चालतं आणि कुठे गळतं हे यात छान दिसतं. रोमानियाच्या टोमॅटोचं तिथे फार कौतुक, पण सुपरमार्केटमध्ये बघावं तर तुर्कस्तानचा, स्पेनचा, मोरोक्कोचा. दायाने २०१७ मध्ये योजना काढली: १००० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशोबाने जेमतेम दहा गुंठे, पॉलीहाऊसमध्ये टोमॅटो लावा, ठराविक काळात कमीत कमी २००० किलो पिकवून विका, पावत्या दाखवा, आणि ३००० युरो घ्या. तेव्हाच्या दराने दोन-सव्वादोन लाख रुपये.

हे पैसे ब्रुसेल्सचे, म्हणजे युरोपियन युनियनचे, नव्हते, सरकारच्या स्वतःच्या तिजोरीतले होते. आता युरोपियन युनियनमध्ये कुठलंही सरकार आपल्या शेतकऱ्याला वाटेल तेवढी मदत देऊ शकत नाही, नाहीतर श्रीमंत देश पैसे ओतून गरीब देशाच्या शेतकऱ्याला बाजारातून उठवतील. पण त्यात एक पळवाट ठेवलीय, किरकोळ मदत, तिकडच्या भाषेत डी मिनिमिस. म्हणजे एका शेतकऱ्याला तीन वर्षांत मिळून एका मर्यादेच्या आत दिलं, तेव्हा ती मर्यादा १५००० युरो होती, तर ब्रुसेल्सची परवानगी लागत नाही. दायाने ही फट बरोबर हेरली. टोमॅटो, लोकर, मांगालित्सा आणि बाझना जातीची डुकरं, सगळं या फटीतून.

आता साधा भागाकार करा. ३००० युरो भागिले २००० किलो, म्हणजे किलोमागे दीड युरो नुसतं अनुदान, टोमॅटो विकून जे येईल ते वेगळं. ज्याने कमीत कमी अट पूर्ण केली त्याला हे एवढं मिळणार, आणि ज्याने त्याच जागेत चांगलं पीक काढून पाच हजार किलो विकले त्यालाही तेवढेच ३०००. मग लोक काय करणार? अटीपुरतं पिकवणार. आणि जिथे पावतीवर पैसे मिळतात तिथे पावत्याही पिकतात, हे काय आपल्याला कुणी सांगायला नको. कागदावरचे टोमॅटो, बाहेरून आणून आपले म्हणून दाखवलेले टोमॅटो, असे आरोप झालेच. पण हेही खरं की पडीक पॉलीहाऊसेस पुन्हा चालू झाली, खेड्यातल्या छोट्या माणसाला पहिल्यांदाच हातात पडेल अशी रक्कम मिळाली, आणि योजना इतकी लोकप्रिय झाली की दाया गेल्यावरसुद्धा ती वेगवेगळ्या रूपात परत परत येत राहिली. टीका करणाऱ्या पक्षांनाही ती गुंडाळून कायमची फेकून देणं परवडलं नाही. माझं मत विचाराल तर योजनेचा हेतू वाईट नव्हता, आखणी आळशी होती.

मग आला डुकरांचा ताप, आफ्रिकन स्वाइन फीवर. माणसाला काही होत नाही, पण डुकराला झाला की बहुतेक मरतंच, आणि तेव्हा यावर लस नव्हती. विषाणू चिवट इतका की मांसात, सॉसेजमध्ये महिनोन्महिने टिकतो. रानडुकरांमधून पसरतो, पण माणसाच्या डब्यातून, ट्रकच्या चाकातून, उष्ट्या-खरकट्यातूनसुद्धा पसरतो. रोमानियात पहिली केस जुलै २०१७ मध्ये सातू मारेला, उत्तर-पश्चिमेच्या टोकाला. २०१८ च्या उन्हाळ्यात तो डॅन्यूबच्या मुखाकडच्या तुल्चा जिल्ह्यात उफाळला आणि मग काही आवरेना. ऑगस्टमध्ये ब्रइला जिल्ह्यातल्या एका अवाढव्य फार्मपर्यंत पोचला, देशातल्या सगळ्यात मोठ्या फार्मपैकी एक, साधारण १ लाख ४० हजार डुकरं, सगळी मारावी लागली.

मोठ्या फार्मचं नुकसान आकड्यात सांगता येतं, पण खेड्यातलं दुखणं वेगळं होतं. तिथे घरामागे दोन-तीन डुकरं पाळायची, घरचं उरलंसुरलं त्यांना घालायचं, आणि २० डिसेंबरला, इग्नातच्या दिवशी, नाताळाच्या तोंडावर कापायचं, सगळे शेजारी-नातेवाईक जमा करून. वर्षभराचं मांस, चरबी, सॉसेज त्यातून. आता सरकारी पथक पांढरे सूट घालून दारात येतं आणि सांगतं की शेजारच्या गल्लीत केस सापडली, तुझं डुकर धडधाकट असलं तरी मारायचं. भरपाई मिळेल म्हणतात, कधी ते विचारू नका. म्हातारी बाई रडते, विरोध करते, काहीजण डुकरं लपवतात, गुपचूप कापून मांस पोराकडे शहरात पाठवतात, आणि विषाणू आरामात डिकीतून प्रवास करतो. हा प्रश्न नुसत्या हुकुमाने सुटणारा नव्हताच. गावोगाव जाऊन विश्वास कमवायला हवा होता, भरपाई पटकन द्यायला हवी होती, आणि एवढ्या लाखो घरांमागच्या डुकरांची धड नोंद तरी आधी असायला हवी होती.

आणि या सगळ्यात, जुलै २०१८ मध्ये, दाया टीव्हीवर बोलला. पशुवैद्यक किती कष्ट घेताहेत याचं वर्णन करत होता, डुकरं कशी जाळली जाताहेत ते सांगत होता, आणि बोलता बोलता त्या दृश्याची तुलना त्याने नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीशी केली.

परदेशात बातमी झाली. यहुदीद्वेषावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने निषेध केला, इस्रायलच्या दूतावासाने केला, दायाने माफी मागितली, कुणाला दुखवायचा हेतू नव्हता वगैरे. ते मान्यही करू, मला तरी त्यात द्वेष दिसत नाही, दिसतो तो तोंडाला लगाम नसणं. पण हे वाक्य रोमानियाच्या मंत्र्याच्या तोंडून येणं आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून येणं यात फरक आहे. दुसऱ्या महायुद्धात हुकूमशहा अंतोनेस्कूच्या राजवटीत रोमानियाच्या ताब्यातल्या प्रदेशांत २ लाख ८० हजार ते ३ लाख ८० हजार ज्यू मारले गेले, हा आकडा रोमानियानेच नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या २००४ च्या अहवालातला, आणि त्या आयोगाचे अध्यक्ष होते लेखक एली विझेल. विझेल स्वतः मारामुरेशमधल्या सिगेतचे. १९४४ मध्ये तो भाग हंगेरीकडे होता, आणि तिथून त्यांना घरच्यांसकट नेलं ते ऑशविट्झलाच. वर्षानुवर्षं हे नाकारत बसलेल्या देशाने नुकतं कुठे ते कबूल करायला सुरुवात केली होती. तिथे डुकरं आणि ऑशविट्झ एका वाक्यात.

एवढं होऊनही खुर्ची हलली नाही. आणि माझा मुद्दा परत तोच, त्या आठवड्यात सगळा देश त्या एका वाक्यावर भांडत होता, भरपाईचं काय आणि पुढचा जिल्हा कसा वाचवायचा हे मागे पडलं. ब्रइलाचं फार्म गेलं ते त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने.

मेंढ्यांवर एवढं प्रेम, मग मेंढ्यांचं काय झालं तेही बघू. रोमानियातून दरवर्षी मोठ्या संख्येने जिवंत मेंढ्या समुद्रमार्गे अरब देशांत जातात, बरीचशी बकरी ईदच्या आधी. जुलै २०१९ मध्ये मिदिया बंदरातून सुमारे ७० हजार मेंढ्या घेऊन एक जहाज आखाताकडे निघायचं होतं. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा आखातात पोचेपर्यंत जहाजाच्या पोटात भट्टी झालेली असते. युरोपियन कमिशनच्या आरोग्य आणि अन्नसुरक्षा आयुक्तांनी दायाला पत्र लिहून हे थांबवा म्हणून सांगितलं. जहाज गेलं. मेंढपाळाच्या बाजूने बघितलं तर त्यात तथ्य आहे, बाजार तिकडेच आहे, आणि स्थानिक कत्तलखाने, कोल्ड स्टोरेज उभं न करता नुसती बंदी घातली तर तोच मरणार. पण ते उभं करायला मंत्री असतो ना. नोव्हेंबर २०१९ च्या सुरुवातीला दंचिलाचं सरकार गेलं, दायाही गेला, आणि २४ नोव्हेंबरला त्याच मिदियातून निघालेलं क्वीन हिंद नावाचं जहाज बाहेर पडताच उलटलं. १४ हजारांवर मेंढ्या होत्या, अडीचशेच्या आसपास बाहेर काढता आल्या आणि त्यातल्याही सगळ्या जगल्या नाहीत. पुढे जहाज वर काढताना त्यात लपवलेले जादा मजले सापडले. हे काही दायाने केलं नाही, तो तेव्हा मंत्रीही नव्हता. पण मेंढीवाल्या मंत्र्याच्या व्हिडिओंच्या शेजारी हा फोटो ठेवून बघावा असं मला नेहमी वाटतं.

संपला असं सगळ्यांना वाटलं होतं. पण २०२२ च्या जूनमध्ये तेव्हाचा कृषिमंत्री आद्रियान केस्नोयू भ्रष्टाचारविरोधी वकिलांच्या चौकशीमुळे पायउतार झाला, आरोप होता मंत्रालयातल्या नोकरभरतीच्या परीक्षेत गडबड केल्याचा, आणि पक्षाने जुनं नाणं परत बाहेर काढलं. दाया ७२ व्या वर्षी परत कृषिमंत्री. जाता जाता सांगतो, हे मंत्रालय तिथे तसं बदनामच आहे. २००७ मध्ये एका कृषिमंत्र्याचा लाच घेतानाचा व्हिडिओ सरकारी टीव्हीवरच दाखवला गेला होता, रोख १५ हजार युरो आणि सोबत घरगुती सॉसेज आणि आलुबुखाऱ्याची दारू. त्याचं नाव देचेबाल त्रायान रेमेश. आपल्याला रमेश ऐकू येतं ते सोडा, पण देचेबाल हा तिथला प्राचीन राजा आणि त्रायान म्हणजे त्याला हरवणारा रोमन सम्राट ट्राजान, दोघंही एकाच माणसाच्या नावात. हा रेमेश पुढे २०१२ मध्ये तुरुंगात गेला. त्यामानाने दायावरचे हे सगळे वाद पाकिटाचे नाहीत, तोंडाचे आणि धोरणाचे आहेत, हे त्याच्या बाजूने मांडायलाच हवं.

दुसऱ्या वेळी त्याच्यापुढे जे आलं ते विनोदाने निभावण्यासारखं नव्हतं. रशियाने युक्रेनची बंदरं अडवल्यावर युक्रेनचं धान्य रस्त्याने, रेल्वेने आणि डॅन्यूबने बाहेर काढायचं ठरलं, युरोपने त्यावरचा आयातकर उठवला. एकट्या कॉन्स्टान्त्सा बंदरातून २०२२ मध्ये सुमारे ८६ लाख टन युक्रेनी धान्य गेलं. कागदावर ते फक्त देशातून पुढे जाणार होतं. प्रत्यक्षात काही देशातच राहिलं, भाव पडले, गोदामं भरली, आणि रोमानियन शेतकरी, ज्याने महागडं खत घेऊन पीक काढलं होतं आणि २०२२ चा दुष्काळ सोसला होता, तो म्हणायला लागला की युक्रेनला मदत जरूर करा पण बिल माझ्या एकट्याच्या नावावर का?

युरोपियन कमिशनने भरपाई जाहीर केली, ५ कोटी ६३ लाख युरो. वाटणी बघा: पोलंडला २ कोटी ९५ लाख, बल्गेरियाला १ कोटी ६७ लाखांच्या वर, रोमानियाला १ कोटी ५० हजारांच्या आसपास. बल्गेरिया रोमानियाच्या निम्म्याहून लहान देश! शेतकरी भडकले, आणि बोट दायाकडे गेलं, की ब्रुसेल्समध्ये आकडे घेऊन टेबलावर हात आपटायला हवा होता तो याने आपटला नाही. एप्रिल २०२३ मध्ये ट्रॅक्टर रस्त्यावर आले. पोलंड आणि हंगेरीने सरळ आयात बंद करून टाकली, रोमानियाने तसं केलं नाही. शेवटी मे महिन्यात युनियननेच गहू, मका, मोहरीवर्गातलं रेपसीड आणि सूर्यफूल या चार मालांची पाच शेजारी देशांतली विक्री तात्पुरती थांबवली, फक्त पुढे जायला वाट ठेवली. मग १० कोटींचं दुसरं पॅकेज आलं, त्यात रोमानियाला २ कोटी ९७ लाख, यावेळी बल्गेरियाच्या तिप्पट. म्हणजे मागितलं की मिळत होतं, असं शेतकऱ्यांनी म्हटलं तर त्यांचं काय चुकलं.

जून २०२३ मध्ये ठरल्याप्रमाणे युतीत पंतप्रधान बदलला, चोलाकूचं सरकार आलं आणि कृषिखातं फ्लोरिन बार्बूकडे गेलं. दायाच्या निरोपालाही मेंढ्यांचे व्हिडिओ फिरलेच. पुढच्या जानेवारीत, बोचऱ्या थंडीत, शेतकरी आणि ट्रकवाले पुन्हा रांगा लावून बुखारेस्टच्या वेशीवर उभे होते, आणि मागण्यांच्या कागदावर युक्रेनचं धान्य तसंच होतं.